अण्णांचा मोठा संसार

वाशीम जिल्ह्यातील रिसोडसारख्या तालुक्याच्या गावातून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलीला एक नाव फार लवकर परिचयाचे होते. बसच्या पाटीवर कर्वे रोड, पुढे कर्वेनगर. वसतिगृह शोधायचे तर कोणीतरी हमखास कर्वे शिक्षण संस्थेचे नाव सुचवते. मुंबईला गेली तर चर्चगेटजवळ महर्षी कर्वे मार्ग आणि त्याच परिसरात एसएनडीटी विद्यापीठ. नाव इतके सवयीचे होऊन जाते की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. शाळेच्या पुस्तकातला पांढऱ्या दाढीचा, डोक्यावर पगडी असलेला एक वृद्ध चेहरा, भारतरत्न, १०४ वर्षांचे आयुष्य, एवढीच माहिती बहुतेकांच्या पदरी असते.

धोंडो केशव कर्वे हे समाजसुधारक होते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते संसारी गृहस्थही होते. दोन विवाह, चार मुलगे, सुना, नातवंडे, घरात शिकायला ठेवलेली नात्यातली आणि परक्यांची मुले, असा त्यांचा भरलेला प्रपंच होता. या प्रपंचाची आणि समाजकार्याची जमाखर्चाची वही त्यांनी कधी वेगळी ठेवली नाही. त्याचा हिशेब कोणी चुकता केला, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात वारंवार डोके वर काढतो.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर मात्र दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या मुरुडचे. कर्व्यांचे घराणे एकेकाळी सुस्थितीत असले तरी अण्णांच्या वाट्याला ओढग्रस्तीच आली. त्यांच्या बालपणातील एक प्रसंग मराठी मुलांना पिढ्यान्पिढ्या सांगितला गेला आहे. शाळेची सहावीची सरकारी परीक्षा द्यायची तर केंद्र साताऱ्याला. मुरुडहून सातारा शंभर मैलांहून अधिक दूर, मध्ये सह्याद्री. हा मुलगा सोबत्यांबरोबर ते अंतर पायी तोडून गेला. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पुरी असणे आवश्यक होते. ती पुरी होती, पण अंगकाठी इतकी लहान की परीक्षकांना ते पटेना. त्यांनी त्याला बसू दिले नाही. तो परत आला आणि पुढच्या खेपेस कोल्हापूरला जाऊन परीक्षा उत्तीर्ण झाला. या गोष्टीतून चिकाटीचा धडा काढला जातो तो योग्यच. पण सरकारी कागदावरचा एक नियम माणसाचे वर्ष कसे खातो, हेही त्या मुलाने तेव्हाच पाहिले असणार.

मॅट्रिक होईपर्यंत त्यांचे वय बरेच झाले होते. १८८१ साली ते मॅट्रिक झाले, १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन बी. ए. झाले. गोपाळ कृष्ण गोखले हे तेथील त्यांचे सहाध्यायी. लग्न त्याआधीच, वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले होते. वधू राधाबाई आठ वर्षांच्या होत्या. १८८२ च्या जानेवारीत पहिला मुलगा रघुनाथ जन्मला.

मुंबईतली ती वर्षे शिकवण्यांची आणि शाळामास्तरकीची होती. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, मग खासगी शिकवणी, असा दिवस जाई. मिळकत बेताची, पण घर मोठे. मित्र नरहरपंत जोशी यांच्याबरोबर बिऱ्हाड एकत्र होते आणि शिकण्यासाठी आलेल्या मुलांना तेथे थारा होता. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा नात्यातला एक हुशार मुलगा अण्णांनी असाच शिकायला आणून ठेवला. तोच पुढे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. आपल्या मिळकतीतला ठरावीक अंश बाजूला काढून ठेवण्याची अण्णांची सवय याच काळातली. मुरुडच्या बाहेर गेलेल्या मिळवत्या लोकांनी गावासाठी काही द्यावे, या हेतूने त्यांनी मुरुड फंडही उभा केला. याच गावाने पुढे त्यांच्याशी कसे वर्तन केले, ते पुढे येईलच.

राधाबाई १८९१ साली गेल्या. रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोखल्यांच्या निमंत्रणावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी आले. पुढे ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्याने दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करायची असा तेथला दंडक होता. तो स्वीकारणाऱ्याला श्रीमंतीची आशा सोडावीच लागे.

पस्तिशीतल्या बिजवराला त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती. तशीच रीत होती आणि अशा मुलींपैकी कितीतरी पुढे विधवा होत. अण्णांनी ठरवले होते की पुन्हा लग्न केलेच तर विधवेशीच. नरहरपंतांचे वडील देवरुखचे बाळकृष्णपंत जोशी यांनी त्यांच्याजवळ विषय काढला, तेव्हा त्यांनी हे स्पष्ट सांगितले. बाळकृष्णपंतांच्याच घरी विधवा मुलगी होती. गोदूबाई तिचे नाव. संसार म्हणजे काय हे कळण्याच्या आतच तिचे कपाळ पुसले गेले होते. भावाच्या आधाराने ती मुंबईत आली आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ठरली. बापाने या मुलीचे नाव सुचवले आणि मुलीने होकार दिला. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले.

विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. म्हणजे अण्णांच्या जन्माच्याही आधी. पण कायदा पुस्तकात आणि गाव गावात. मुरुडच्या ब्राह्मणसमाजाने सभा भरवून या जोडप्यावर बहिष्कार घातला. अण्णांना घरात घेतील तर त्यांच्या घरच्यांवरही बहिष्कार पडेल, अशी तजवीज झाली. म्हणजे शिक्षा फक्त अण्णांना नव्हती. मुरुडला राहणारी आई आणि थोरले बंधू यांना मुलगा किंवा गाव यांतून निवड करायची होती. म्हातारपणी आईला मुलाच्या ताटाशेजारी ताट मांडता येऊ नये, ही त्या ठरावाची धार होती. अण्णांनी गावावर राग धरला नाही, मुरुड फंडाचे कामही टाकले नाही. आज मुरुडमध्ये त्यांचा पुतळा आहे. पुतळे उभे राहायला वेळ लागत नाही असे म्हणतात. इथे बराच लागला.

विवाहानंतर थोड्याच काळात अण्णांनी विधवाविवाहाच्या प्रसारासाठी मंडळी स्थापन केली आणि पुनर्विवाहितांचे कुटुंबमेळावे भरवले. वाळीत पडलेल्या घरांना एकमेकांच्या पंगतीला बसता यावे, मुलांना खेळायला सवंगडी मिळावेत, हा त्यामागचा साधा घरगुती विचार होता. पण असे विवाह वर्षाला किती होणार? विधवा हजारो होत्या. ज्या पुन्हा लग्न करणार नाहीत किंवा ज्यांना ते करूच दिले जाणार नाही, त्यांचे काय? त्यांना शिकवून पायावर उभे करणे हा मार्ग अण्णांना अधिक व्यवहार्य वाटू लागला. १८९६ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. सुरुवातीला हजार रुपये अण्णांनी स्वतःचे घातले. ७५ रुपये पगाराच्या माणसाचे हे हजार होते.

पुण्यात प्लेगने थैमान घातले आणि शहरात आश्रम ठेवणे अशक्य झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहरापासून सुमारे चार मैलांवर हिंगणे बुद्रुक येथे सहा एकर जागा आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली व विधवा तेथे राहू लागल्या. आजचे कर्वेनगर ते हेच. तेव्हा तेथे धड रस्ता नव्हता. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णा संध्याकाळी आश्रमाचे सामानसुमान बरोबर घेऊन चालत हिंगण्याला जात, रात्री तेथे राहत आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजात येत. पावसाळ्यात चिखलातून हेच. हा क्रम एक-दोन आठवड्यांचा नव्हता, मोठा काळ चालला.

आता या काळात घरी काय चालले होते, तेही पाहावयास हवे. घरी बाया होत्या आणि लहान मुले होती. आश्रमात विधवांना पाठवणारे पालक जुन्या वळणाचे होते. आपल्या मुलीला शिकवून आणतील एवढ्यावर ते तयार होत, पुनर्विवाहाचा वास आला तर ते मुलगी परत नेत. म्हणून अण्णांनी आश्रम आणि विधवाविवाहाची चळवळ यांत कटाक्षाने अंतर ठेवले. त्याचा अर्थ असा झाला की, ज्या स्त्रीशी विवाह करून त्यांनी बहिष्कार सोसला, तिलाच सुरुवातीच्या काळात आश्रमात जागा नव्हती. पुनर्विवाहित बाईचा वावर संस्थेच्या नावाला बाधक ठरेल, ही धास्ती होती. व्यवहार म्हणून हे समजते. संस्था टिकली ती बहुधा अशाच सावधपणामुळे. तरीही ही गोष्ट वाचताना आजही खटकते, आणि बायांना ती त्या वेळी खटकली होतीच.

त्यांना खटकलेली दुसरी गोष्ट पैशाची. बायकामुलांच्या भविष्यासाठी म्हणून अण्णांनी आयुष्याचा विमा उतरवला होता. घरात तेवढीच काय ती पुंजी. तीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. बायांना रडू आवरले नाही. एकदा वैधव्याचा अनुभव घेतलेली ती स्त्री होती. नवऱ्यामागे बाईचे आणि पोरांचे काय होते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. देशातल्या विधवांची काळजी करणाऱ्या माणसाने आपल्या पत्नीच्या संभाव्य वैधव्याची तरतूद काढून घ्यावी, यातला विरोधाभास त्यांच्या चरित्रकारांनी फारसा ताणलेला नाही. ताणायला हवा होता, असे वाटते.

बाया मात्र रडत बसणाऱ्या नव्हत्या. नवऱ्याचा भरवसा नाही हे उमजल्यावर त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याची तयारी केली. आपल्या विदर्भात, नागपूरला येऊन त्यांनी सुईणकामाचे शिक्षण घेतले. घर, मुले, येणारेजाणारे आणि अडलेल्या बाया यांना त्यांनी सांभाळले. पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे कामही अंगावर घेतले आणि दारोदार हिंडून ते केले. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन १९४४ साली त्यांच्या सूनबाई कावेरी कर्वे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. महर्षींच्या घरात राहणे म्हणजे काय, हे त्यात कोणताही आव न आणता सांगितले आहे. वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ या नाटकाने १९७० च्या दशकात मराठी रसिकांना या दांपत्याच्या संसाराची जी आठवण करून दिली, तिची मुळे याच अनुभवांत होती.

बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्याही हिंगण्याच्या कामात आल्या आणि त्यांनी तर सगळे आयुष्यच तेथे वाहिले. आश्रमासाठी निधी जमवत त्या देशभर फिरल्या. इंग्रजीचे ज्ञान जेमतेम असताना पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात ही बाई एकटी अमेरिकेला गेली, घरकाम करून राहिली आणि आश्रमासाठी पैसे घेऊन परतली. एका पुनर्विवाहाने कर्व्यांच्या घरी काय काय आले, याची कल्पना यावरून यावी.

१९०७ साली मुलींसाठी महिला विद्यालय निघाले. १९०८ साली निष्काम कर्ममठ, ज्याच्या सेवकांनी संस्थेच्या कामास स्वतःला वाहून घ्यायचे होते. १९१४ साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय ५६ होते. बहुतेकांचे चरित्र या वयात आटोपते. त्यांच्या नावावरचे सर्वांत मोठे काम अजून सुरूही झाले नव्हते.

जपानमध्ये १९०१ साली टोकियोला स्त्रियांचे विद्यापीठ निघाले होते. त्याची माहितीपुस्तिका अण्णांकडे आली. प्रथम त्यांनी ती बाजूला ठेवली, सवडीने वाचली आणि मग ती डोक्यातून जाईना. १९१५ साली मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ च्या जूनमध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच महिन्यात पाच विद्यार्थिनींवर महाविद्यालयाचा वर्ग सुरू झाला. भांडारकर कुलपती आणि कुलगुरू रँग्लर परांजपे. अण्णांच्या बिऱ्हाडात शिकायला राहिलेला मुर्डीचा मुलगा तो हाच.

या विद्यापीठाचे शिक्षण मातृभाषेतून होते, इंग्रजी हा आवश्यक विषय होता. गांधीजींना इंग्रजी ऐच्छिक असावे असे वाटत होते, पण अण्णा आपल्या मतापासून हलले नाहीत. पदव्यांना नावेही देशी ठेवली होती, बी. ए. ला समांतर ती गृहीतागमा आणि त्यापुढची प्रदेयागमा. आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था यांसारखे विषय अभ्यासक्रमात होते. मुलींना मुलांहून वेगळा अभ्यास कशाला, त्यांना कमी लेखण्याचा हा प्रकार नव्हे काय, अशी टीका तेव्हा झाली. ती पूर्णपणे निराधार होती असे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, पालक ज्या अभ्यासक्रमाला घाबरणार नाहीत तो घेऊन मुलीला उंबऱ्याबाहेर काढायचे, ही अण्णांची रीत आश्रमापासूनच होती. सरकारमान्यता नव्हती, म्हणून पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. १९३६ साली मुख्य कचेरी मुंबईला गेली. कायद्याने पूर्ण मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली. पाच मुलींच्या वर्गापासून तेथवर पस्तीस वर्षे लागली.

अण्णांच्या कामाची एक मर्यादा नमूद केली पाहिजे. हिंगण्याचा आश्रम दीर्घकाळ मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवांचा राहिला. वैधव्याची ती कठोर रूढी ज्या समाजात होती, त्याच समाजातून हे काम निघाले, हे त्याचे कारण. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी त्याच पुण्यात अर्धशतकापूर्वी ज्या मुलींसाठी शाळा काढल्या, त्या मुलींपर्यंत हिंगणे फार उशिरा पोचले. अण्णांना ही उणीव जाणवली नव्हती असे नाही. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जेथे सरकारी शाळा नाही अशा खेड्यांत शाळा उघडायच्या. पेन्शनमधून स्वतःची वर्गणी आणि बाकी लोकांकडून गोळा केलेले पैसे, यांवर सुमारे चाळीस शाळा उभ्या राहिल्या. १९४४ साली, वय ८५, समता संघ आणि जातिभेदाविरुद्ध प्रचार. उतारवयात माणसे जातीकडे आणि देवळाकडे वळतात. हा मनुष्य उलट दिशेला चालत राहिला.

त्याआधी, १९२९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी ते जगप्रवासाला निघाले होते. इंग्लंड, युरोप, अमेरिका आणि शेवटी जपान, जेथील विद्यापीठाच्या पुस्तिकेने त्यांना वेड लावले होते ते प्रत्यक्ष पाहणे झाले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. गणिताच्या निवृत्त प्राध्यापकाला ती विशेष वाटली असणार. परतल्यावर वर्ष संपता संपता ते पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. तेथे चिरंजीव शंकर मोंबासात डॉक्टर होते. मुलाकडे जाणे आणि विद्यापीठासाठी निधी गोळा करणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच फेरीत केली.

मुलांविषयी लिहिताना थोरल्या मुलाशी थांबावे लागते. रघुनाथराव १८९९ साली मॅट्रिकला पहिले आले. ते गणिताचे प्राध्यापक झाले, पॅरिसला शिकून आले आणि १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू करून त्यांनी भल्याभल्यांची झोप उडवली. या मतांपायी १९२५ साली त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. वडील विधवांसाठी लढले, तर मुलगा सधवांच्या लादलेल्या बाळंतपणांविरुद्ध. दोघांचा शत्रू तसा एकच होता. तरी अण्णा जाहीरपणे मुलाच्या बाजूला उभे राहिले नाहीत. मुलींच्या संस्था चालवणाऱ्याला मुलाचे नाव परवडणारे नव्हते, ही त्यांची अडचण उघड आहे. ज्या सावधपणाने बायांना आश्रमाबाहेर ठेवले, त्यानेच रघुनाथरावांनाही एकटे सोडले. ज्या मुलाची आई नवव्या वर्षी गेली, त्याला हे कसे वाटले असेल याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या परीने करावा. रघुनाथरावांनी मात्र लढाई अर्ध्यावर टाकली नाही. तो हट्ट कोठून आला, हे सांगायला नको.

धाकट्या मुलांनी वडिलांचे काम अधिक जवळून उचलले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, पुढे हिंगण्याच्या संस्थेचीही त्यांनी धुरा वाहिली. भास्करराव आणि कावेरीबाई यांनी तर हिंगण्यालाच आयुष्य दिले. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई या मानववंशशास्त्रातल्या मोठ्या विदुषी आणि ‘युगान्त’च्या लेखिका. ज्या घराने एका विधवेला सून म्हणून स्वीकारल्याबद्दल वाळीत पडण्याचे दुःख सोसले, त्या घरातली सून जर्मनीत जाऊन डॉक्टरेट घेऊन आली, हे अंतर अवघ्या एका पिढीचे. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या लेखिका म्हणजे त्यांच्याच मुली, अण्णांच्या नाती.

बाया २९ नोव्हेंबर १९५० रोजी गेल्या. सत्तावन्न वर्षांचा हा संसार होता. त्यानंतर तीन वर्षांनी रघुनाथराव गेले. वयाच्या ९५ व्या वर्षी अण्णांनी थोरल्या मुलाचा मृत्यू पाहिला. दीर्घायुष्याचा हा भाग सत्काराच्या भाषणांत येत नाही.

सत्कार मात्र पुष्कळ झाले. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली भारतरत्न. बनारस, पुणे आणि मुंबई विद्यापीठांनी आणि त्यांनी स्वतः जन्माला घातलेल्या विद्यापीठानेही त्यांना डॉक्टरेट दिली. १८ एप्रिल १९५८ रोजी वयाची शंभर वर्षे पुरी झाली, त्या निमित्ताने मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भव्य समारंभ झाला आणि पंतप्रधान पंडित नेहरू त्याला उपस्थित होते. त्याच दिवशी पोस्टाने त्यांच्या चित्राचे पंधरा नव्या पैशांचे तिकीट काढले. हयात असताना भारताच्या टपाल तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय. मुरुडच्या पंगतीत ज्यांना पाट मिळाला नव्हता, त्यांचे चित्र देशाच्या गावोगावच्या पत्रांवर चिकटून फिरले. कोकणात गेले तसे वऱ्हाडातही आले.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात अण्णांचे निधन झाले. उत्तर सीमेवर चीनशी युद्ध चालू होते आणि वर्तमानपत्रांची पाने त्या बातम्यांनी भरलेली होती. १८५७ च्या उठावानंतरच्या वर्षी जन्मलेला माणूस स्वतंत्र देशाच्या पहिल्या मोठ्या पराभवाच्या दिवसांत गेला.

पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, दिनकररावांनी महाराष्ट्रातील काही ब्राह्मण कुटुंबांच्या आत्मकथनांचे एक इंग्रजी पुस्तक सिद्ध केले. त्यात अण्णांच्या आठवणी आहेत, बायांच्या आहेत आणि इरावतीबाईंनी आपल्या सासऱ्यांचे रेखाटलेले एक व्यक्तिचित्रही आहे. सासऱ्यांविषयीचा त्यांचा आदर त्यात लपत नाही. तसेच त्यांच्यासारख्या माणसाच्या घरात बायकोचे आणि मुलांचे काय होते, हेही त्या माउलीने लपवलेले नाही. महर्षींच्या हयातीत सगळा देश त्यांच्याकडे पाहत होता. घरातल्या या बाईने तेवढ्याच बारकाईने बायांकडेही पाहिले होते.